बोलण्याला धुरा (बांध) नसतो, मग शब्द सुटे कसे ऐकू येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी सेविका, आशाताई, पहिली-दुसरीचे शिक्षक, घरात तान्हं मूल असलेले आईवडील आणि शेतात नव्या माणसाला काम शिकवणारे लोक या विषयावर जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं विदर्भातल्या बोलण्यातली आणि कामांतली घेतली आहेत. संशोधन जिथे, ज्या भाषेत झालं, तिथलंच सांगितलं आहे.

दोन शब्दांच्या मध्ये थोडं थांबतोच ना आपण? मग यात प्रश्न कुठे आला?

थांबत नाही. लिहिताना आपण जागा सोडतो म्हणून बोलतानाही सोडत असू असं वाटतं, पण नेहमीच्या बोलण्यात सेकंदाला साधारण चार ते सहा अक्षरं (म्हणजे उच्चारातली, ‘भा-कर’मध्ये दोन) एकाला एक लागून बाहेर पडतात. थांबा येतो तो श्वास घेताना किंवा वाक्याचा तुकडा संपल्यावर. ‘मी काल वावरात गेलतो’ या चार शब्दांच्या मध्ये ध्वनीच्या दृष्टीनं एकही सुटी जागा नाही.

उलट, जिथे खरी शांतता असते तिथे शब्द संपलेला नसतो. ‘हत्ती’ म्हणताना ‘त्त’पाशी जीभ दातांमागे अडते आणि सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ आवाज जवळजवळ बंद होतो. ‘कट्टा’, ‘गप्पा’, ‘पक्कं’ यांचंही तेच. फक्त शांतता शोधून शब्द तोडणारं यंत्र केलं, तर ते ‘हत्ती’चे दोन तुकडे करील आणि ‘काल वावरात’ एकच शब्द समजेल. शेताला धुरा असतो तसा शब्दाला धुरा नाही. तो ऐकणाऱ्याचा मेंदू घालतो. परकी भाषा नेहमी फार भरभर बोलली जाते असं वाटण्याचं मोठं कारण हेच. तिथे धुरे घालायला आपल्याकडे काही साधनच नसतं.

हे स्वतः पाहता येईल का?

येईल. एक फोन आणि एक साधा संगणक पुरे. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं ‘प्रॅट’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

1. पंखा बंद करा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’ची हवा माईकवर आदळते.
2. तीन वाक्यं नेहमीच्या वेगानं बोला: ‘आम्ही काल वड पाहिला’, ‘आम्ही कालवड पाहिली’, ‘आम्ही हत्ती पाहिला’.
3. फाईल ‘वेव्ह’ प्रकारात करून घ्या. बऱ्याच फोनांची ‘एम४ए’ फाईल प्रॅटमध्ये उघडत नाही.
4. उघडून लहरीचं चित्र मोठं करा. माऊसनं एकेक तुकडा निवडून तेवढाच ऐका.

‘हत्ती’च्या मध्ये सपाट रेघ दिसेल. ‘काल’ आणि ‘वड’ यांच्यामध्ये ती दिसणार नाही.

बिघडतं ते दुसऱ्या पायरीला. बोलणाऱ्याला उद्देश माहीत असला की तो ‘काल… वड’ असं तोडून बोलतो. म्हणून ज्याला काही सांगितलेलं नाही अशा माणसाकडून, दहा-बारा इतर वाक्यांत मिसळून ही वाक्यं म्हणवून घ्या.

मग शब्द कुठे तोडायचा हे मेंदू ठरवतो कसा?

एका खुणेवर विसंबत नाही, चार-पाच खुणा एकदम वापरतो. सगळ्यात मोठी मदत माहीत असलेल्या शब्दांची. आवाज कानावर पडू लागला की जुळणारे सगळे शब्द एकदम जागे होतात आणि त्यांच्यात चुरस लागते; पुढचं प्रत्येक अक्षर काहींना पुढे ढकलतं, काहींना बाद करतं. जे. मॅकक्लेलँड आणि जेफ्री एल्मन यांनी 1986 मध्ये ‘ट्रेस’ नावाच्या संगणकी प्रतिमानात ही चुरस मांडून दाखवली.

वऱ्हाडीतलं उदाहरण घ्या. ‘ण’चा ‘न’ होत असल्यामुळे ‘तूर आन’ आणि ‘तू रान’ या दोन्हींचा आवाज झपाट्यानं बोलताना सारखाच: तू-रान. पुढे ‘दोन किलो’ आलं की तूर आणायची आहे. ‘पाहून ये’ आलं की रान पाहायचं आहे. म्हणजे आधी ऐकलेल्या तुकड्याची हद्द पुढचा शब्द ऐकल्यावर ठरते. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर उरकतं आणि हरलेला अर्थ मनात येऊन गेल्याचंही आपल्याला बहुतेक वेळा कळत नाही.

‘कालवड’मध्ये काम व्याकरण करतं. वड पुल्लिंगी, कालवड स्त्रीलिंगी. ‘पाहिला’ की ‘पाहिली’ हे कानावर पडेपर्यंत दोन्ही वाटा उघड्या असतात. मराठीतल्या लिंग-वचनाच्या प्रत्ययांना लोक वैतागतात, पण ऐकणाऱ्याची ते मोठी सोय करतात.

आणखी एक खूण म्हणजे उरलेल्या तुकड्याची. 1997 मध्ये डेनिस नॉरिस, जेम्स मॅक्वीन, अॅन कटलर आणि सॅली बटरफील्ड यांनी इंग्रजीत दाखवलं की ज्या तोडीमुळे एखादं नुसतं व्यंजन एकटं उरतं, ती तोड ऐकणारा नाकारतो. एकट्या ‘ट्’चा शब्द होत नाही, हे मेंदूनं धरून ठेवलेलं असतं. शिवाय तुकड्याच्या शेवटी स्वर किंचित लांबतो आणि सूर खाली येतो.

या खुणांचं वजन भाषेप्रमाणे बदलतं. इंग्रजी ऐकणारे जोरकस अक्षराला शब्दाची सुरुवात धरतात, कारण त्या भाषेत बहुतेक शब्द तसेच सुरू होतात. फ्रेंच ऐकणारे अक्षरावर चालतात, जपानी ऐकणारे मात्रेसारख्या आणखी छोट्या मापावर. मराठीत आघात इंग्रजीइतका ठळक नाही, त्यामुळे इंग्रजीसाठी सांगितलेली ‘जोरावर लक्ष द्या’ ही युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी वापरू नका.

तान्ह्या बाळाला एकही शब्द माहीत नसतो. ते सुरुवात कुठून करतं?

कोणत्या अक्षरामागून कोणतं अक्षर येतं, याचा हिशोब ठेवण्यापासून.

समजा बाळानं तीन वाक्यं ऐकली: ‘भाकर खाय’, ‘भाकर गरम हाय’, ‘भाकर कोनाले पायजे?’ ‘भा’नंतर तिन्ही वेळा ‘कर’ आलं, म्हणजे खात्री 1. ‘कर’नंतर मात्र एकदा ‘खाय’, एकदा ‘ग’, एकदा ‘को’. प्रत्येकाची खात्री 0.33. जिथे ही खात्री एकदम पडते, तिथे शब्दाचा शेवट असण्याचा संभव जास्त.

जेनी सॅफ्रन, रिचर्ड अॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांचा 1996 चा प्रयोग नेमका यावरच होता. आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं एक अखंड, एकसुरी, यंत्रानं तयार केलेला आवाज ऐकवला. त्यात तीन-तीन अक्षरांचे चार निरर्थक शब्द उलटसुलट क्रमानं येत होते, प्रत्येक 45 वेळा. वेग मिनिटाला 270 अक्षरं. कुठे थांबा नाही, कुठे जोर नाही. शब्दाच्या आतली खात्री 1, दोन शब्दांमधली 0.33, म्हणजे वरच्या भाकरीच्या हिशोबाइतकीच. नंतर बाळांना कधी ते शब्द, तर कधी एकाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं जोडून केलेले तुकडे ऐकवले. तुकड्यांकडे बाळांनी जास्त वेळ कान दिला. म्हणजे ते त्यांना अनोळखी वाटले. दोन मिनिटांत एवढं.

म्हणजे आकडेमोडच सगळं काही आहे?

नाही. त्याच भाकरीच्या घरात ‘भाजी’, ‘भात’ आणि ‘भाऊ’ही बोलले जातात. मग ‘भा’नंतर ‘कर’ची खात्री 1 राहत नाही. प्रयोगातली भाषा चार शब्दांची होती, घरातली हजारो शब्दांची असते. म्हणून बाळ हिशोबासोबत दुसऱ्या खुणाही जोडत जातं. सूर आणि थांबे तर आहेतच, पण सगळ्यात कामाची खूण म्हणजे स्वतःचं नाव. 2005 मध्ये हेदर बोर्टफेल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सहा महिन्यांचं बाळ आपल्या नावाला लागून आलेला नवा शब्द वेगळा काढू शकतं. अनोळखी नावाला लागून आलेला काढू शकत नाही. ओळखीच्या शब्दाची एक बाजू पक्की झाली की शेजारच्याची सुरुवात आपोआप मिळते.

मग बाळाशी बोलावं कसं?

नाव वाक्यात घाला, आणि शिकवायचा शब्द नावाला किंवा वाक्याच्या शेवटाला लावून ठेवा. ‘पिंट्या, वाटी. पिंट्याची वाटी. कुठं गेली वाटी?’ एकच शब्द वेगवेगळ्या शेजाऱ्यांसोबत चार-पाच वाक्यांत लागोपाठ आला की शेजारी बदलतात, शब्द टिकतो, आणि हद्द उघडी पडते. आपल्याकडच्या आज्या हे मुद्दाम न शिकता करतात.

काय करू नये: प्रत्येक अक्षर सुटं करून ‘वा… टी…’ असं शिकवू नका. त्यामुळे शब्दाच्या आत थांबा पडतो आणि सूर मोडतो, म्हणजे खूण चुकीच्या जागी जाते. थांबायचं असेल तर वाक्याच्या तुकड्यानंतर थांबा. लाडिक, चढउताराचा सूर लावायला लाजू नका. बाळं तशा बोलण्याकडे जास्त लक्ष देतात.

मोबाईलवर गाणी लावून दिली तर चालेल?

पहिल्या वर्षात तरी माणसाची जागा तो घेत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषेचे 12 वर्ग दिले. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणाऱ्या बाळांना चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तेच बोलणं पडद्यावर पाहणाऱ्यांना किंवा नुसतं ऐकणाऱ्यांना नाही. पाळणा म्हणणारी माय मोबाईलपेक्षा बरी, सूर कसाही असो.

घरी ‘मले-तुले’, शाळेत ‘मला-तुला’. मूल गोंधळतं का?

शब्द तोडण्याच्या बाबतीत फारसं नाही. प्रत्ययाची जागा तीच राहते, फक्त ‘ला’ऐवजी ‘ले’. ‘मायले’, ‘गायले’, ‘वावराले’ ऐकून ‘ले’ हा सुटा होणारा तुकडा आहे हे मूल शिकलेलं असतं. तोच साचा ‘आईला’, ‘गाईला’ला लागतो. नुकसान होतं ते ‘मले’ म्हटल्यावर हसण्यानं. मूल बोलायचं कमी करतं, आणि जे बोलत नाही त्याला दुरुस्त करायला काही उरत नाही.

मेळघाटातलं कोरकू मूल किंवा यवतमाळकडचं कोलामी मूल पहिलीत येतं तेव्हा?

तिथे अडचण खरी आहे. कोरकू ही मुंडा कुळातली, गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. मराठीशी त्यांचा शब्दसाठा फारसा जुळत नाही, आणि वर सांगितलेली सगळ्यात मोठी खूण, म्हणजे माहीत असलेले शब्द, तीच हातात नसते. शिक्षकाचं एक लांब वाक्य त्या मुलाला एकच लांब आवाज असतो. याला मंदपणा समजण्याची चूक अजूनही होते. घरच्या भाषेत ते मूल तेवढीच तोड तुमच्या-आमच्यासारखी सहज करत असतं.

पहिल्या काही आठवड्यांसाठी चालणारी पद्धत अशी. रोज तीन-चार ठरलेली वाक्यंच वापरा आणि त्यांचा साचा बदलू नका: ‘हे … आहे’, ‘मला … दे’, ‘… कुठे आहे?’ रिकाम्या जागेत एका दिवशी पाच-सहापेक्षा जास्त नवे शब्द नकोत. वस्तू हातात धरा, आधी मुलांच्या भाषेतलं नाव मुलांकडूनच म्हणवून घ्या, मग मराठी वाक्य. एक शब्द तीनही साच्यांत फिरवा. वेग थोडा कमी ठेवा, पण सूर नेहमीचा. साचा कानात बसला की मूल त्याच्याभोवती धुरे घालू लागतं. मग साचा वाढवा.

पद्धत फसते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. शिक्षक सूचना देताना साचा सोडून लांब वाक्यात शिरतात (‘चला बरं आता सगळ्यांनी आपापली पाटी काढून ठेवा पाहू’), किंवा वर्ग सुरात ओरडून उत्तर देतो आणि कोणाला शब्द सुटा झाला, कोण नुसता आवाज काढतोय हे कळत नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला एकट्याला, नव्या वाक्यात तो शब्द ऐकवून वस्तू उचलायला सांगा. ओळखीच्या वाक्यात उचलली तर ते पाठांतर असू शकतं.

मुलं ‘शाळेतजातो’ असं जोडून किंवा ‘घरा त’ असं तोडून लिहितात. कान खराब आहे का?

नाही. सुट्या शब्दांची कल्पना बरीचशी लिहिण्यातून येते. मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली शब्दांमध्ये जागा न सोडता मजकूर लिहीत आणि वाचणारे तो वाचतही. ध्वनीच्या बाबतीत जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांचं 1979 चं काम प्रसिद्ध आहे: कधीच न शिकलेल्या पोर्तुगीज प्रौढांना शब्दाचा पहिला ध्वनी काढून टाकायला सांगितलं तर बहुतेकांना जमलं नाही, मोठेपणी अक्षरओळख झालेल्यांना जमलं. दोन्ही गटांचं बोलणं-ऐकणं उत्तम होतं.

‘घरा त’ लिहिणाऱ्या मुलाला तर ‘त’ हा वेगळा तुकडा आहे हे कळलंय. फक्त मराठीत प्रत्यय जोडून लिहायचा, ही रीत त्याला सांगायची राहिली आहे. ‘घरात, शेतात, गावात, पोत्यात’ अशी यादी करून फक्त ‘त’ रंगीत खडूनं लिहा. ‘शाळेतजातो’साठी मधे दुसरा शब्द घालायला लावा: ‘शाळेत रोज जातो’. जिथे दुसरा शब्द शिरतो तिथे जागा सोडायची. ‘शाळे’ आणि ‘त’ यांच्यामध्ये काही शिरत नाही.

मेंदूत हे कुठे घडतं?

कानांच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या कुशीच्या भागात आवाजाची पहिली छाननी होते. तिथल्या विद्युत लहरी सेकंदाला साधारण 4 ते 8 या लयीत बोलण्यातल्या अक्षरांशी जुळवून घेतात. पण शब्द आणि वाक्यं आवाजातून थेट मिळत नाहीत, हे दाखवणारा सुंदर प्रयोग नाय डिंग, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांचा, 2016 चा. सेकंदाला चार चिनी अक्षरं, सगळी सारख्या अंतरावर. दोन अक्षरांचा एक पदबंध, चारांचं एक वाक्य. चिनी येणाऱ्यांच्या मेंदूत सेकंदाला 4, 2 आणि 1 अशा तिन्ही लयी दिसल्या. चिनी न येणाऱ्यांत फक्त 4 ची. आवाज दोघांना एकच होता.

कामांचे, हालचालींचेही असे तुकडे पडतात का?

पडतात, आणि तत्त्व बरंचसं सारखं आहे. भाकर करणारी बाई पीठ मळते, गोळा करते, थापते, तव्यावर टाकते, वरून पाणी फिरवते, उलटते, आरावर शेकते. हात सलग चालू असतात. मधे कुठे घंटी वाजत नाही. तरी पाहणाऱ्याला ‘थापून झालं, आता तव्यावर गेली’ हे दिसतं.

डॅरन न्यूटसन यांनी 1973 मध्ये लोकांना फिल्म दाखवून, एक अर्थपूर्ण तुकडा संपला असं वाटलं की बटण दाबायला सांगितलं. वेगवेगळ्या लोकांच्या दाबण्याच्या जागा बऱ्याच जुळल्या. जेफ्री झॅक्स आणि सहकाऱ्यांनी पुढे मांडलेला खुलासा असा: मेंदू सतत पुढे काय होणार याचा अंदाज बांधतो. थापणं चालू आहे तोवर पुढचा हात कुठे पडेल हे ठाऊक असतं. भाकर तव्याकडे निघाली की अंदाज चुकू लागतात; तेव्हा मेंदू चालू चित्र बंद करून नवं उघडतो. तो क्षण म्हणजे हद्द. 2001 च्या त्यांच्या प्रयोगात लोक नुसते पाहत होते, बटणाविषयी काही सांगितलेलं नव्हतं, तरी त्यांनी नंतर ज्या जागी हद्द दाखवली, त्याच जागी मेंदूतली हालचाल वाढलेली आढळली.

बाळंही हे करतात. डेअर बाल्डविन यांच्या 2001 च्या प्रयोगात 10-11 महिन्यांच्या बाळांना रोजचं घरकाम दाखवलं. काम पूर्ण झाल्यावर चित्र थांबवलं तर त्यांना काही वाटलं नाही. हात वस्तूपर्यंत पोचण्याआधी मधेच थांबवलं तर ती जास्त वेळ पाहत राहिली.

हे गावात करून पाहता येईल?

तीन-चार मिनिटांचा, एकाच जागेवरून, न कापता घेतलेला व्हिडिओ लागेल. भाकर, दोर वळणं, तिफण जुंपणं, काहीही चालेल. कमीत कमी आठ जण घ्या. प्रत्येकानं एकट्यानं पाहायचं आणि तुकडा संपला वाटलं की टेबलावर टिचकी मारायची. दुसऱ्यानं व्हिडिओतली वेळ लिहायची. दोन फेऱ्या: एकदा ‘तुम्हाला वाटतील तेवढे मोठे तुकडे’, एकदा ‘तेवढे लहान’. अर्ध्या लोकांची लहानांची फेरी आधी घ्या, नाही तर दुसऱ्या फेरीत सगळे सराईत झालेले असतात. मग दर सेकंदाला किती टिचक्या पडल्या ते मांडा. मोठ्या तुकड्यांच्या हद्दी बहुतेक करून लहान तुकड्यांच्याच एखाद्या हद्दीवर पडलेल्या दिसतील.

‘कुठे टिचकी मारू?’ असं विचारलं तर उदाहरण देऊ नका. दिलंत की सगळे तेच करतात.

नव्या माणसाला फवारणी शिकवताना याचा काय उपयोग?

खूप, कारण फवारणीत चूक महाग पडते. जे लोक कामाचे तुकडे इतरांशी जुळतील असे पाडतात, त्यांच्या ते जास्त लक्षात राहतं, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. हद्दीवर थांबा किंवा खूण दिली तरी आठवण सुधारते. म्हणून व्हिडिओ करताना वा समोर दाखवताना हद्दीवर थांबा, मधे नको:

अंगावर साहित्य चढवणं (हातमोजे, मास्क, चष्मा, बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे). इथे थांबा. पंप अर्धा पाण्यानं भरणं. थांबा. औषध मोजणं. थांबा. बादलीतल्या थोड्या पाण्यात काठीनं ढवळून पंपात ओतणं. थांबा. उरलेलं पाणी भरून झाकण लावणं. मग वाऱ्याची दिशा पाहून, फवारा अंगावर येणार नाही असं चालणं. शेवटी साबणानं अंग धुणं आणि कपडे वेगळे धुणं.

मोजण्याचा तुकडा सगळ्यात घसरडा. लेबलवर मात्रा हेक्टरी आणि पाण्याच्या प्रमाणात असते, पंपाला नाही. समजा लेबलवर 500 लिटर पाण्यात 500 मिलिलिटर लिहिलं आहे. म्हणजे लिटरला 1 मिलिलिटर, 15 लिटरच्या पंपाला 15 मिलिलिटर. हे घरी कागदावर करून पंपाला चिकटवा. धुऱ्यावर उभं राहून गणित करू नका, आणि बाटलीच्या टोपणानं अंदाजे टाकू नका.

या कामात एक हद्द डोळ्यांना दिसत नाही: औषध टाकून झालं की नाही. गढूळ पाण्यात एक मात्रा की दोन, हे पाहून कळत नाही. त्यामुळे मधेच फोन आला की माणूस परत येऊन पुन्हा टाकतो, किंवा टाकतच नाही. उपाय म्हणजे ती हद्द दिसती करणं. मात्रा ओतली की मोजण्याचं माप रिकामं, उलटं करून पंपाच्या झाकणाशेजारी ठेवायचं. फवारा मारून पंप रिकामा झाल्यावरच सरळ करायचं. घरात कोणी दुसराही फवारत असेल तर दोघांची रीत एकच हवी, नाही तर खूण उलटी वाचली जाते.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की काय आणायला आलो तेच विसरतं. हेही त्यातलंच?

काही अंशी. गॅब्रिएल रॅडव्हॅन्स्की यांनी दाखवलं की दार ओलांडणं हीसुद्धा हद्द ठरू शकते आणि तिच्या अलीकडचं थोडं निसटतं. मात्र 2021 च्या एका अभ्यासात नुसत्या दारानं विसर पडला नाही. डोक्यावर आधीच दुसरं ओझं असेल तेव्हाच परिणाम दिसला. चार कामं एकदम डोक्यात घेऊन कोठीत शिरू नका, एवढंच.

आजोबा म्हणतात, ‘आवाज येते, पन समजत नाई.’ जोरात बोलावं का?

जोरात बोलून फार फरक पडत नाही. वयाप्रमाणे आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात: स, श, त, क, प यांसारखी व्यंजनं. स्वर ऐकू येत राहतात म्हणून आवाज ‘येतो’, पण शब्दांच्या कडा ज्या व्यंजनांवर उभ्या असतात तीच गळतात. मेंदू गाळलेलं भरून काढतो. रिचर्ड वॉरन यांनी 1970 मध्ये एका शब्दातला ध्वनी कापून तिथे खोकल्याचा आवाज बसवला, तर ऐकणाऱ्यांना तो ध्वनी गायब आहे हे कळलंच नाही. पण भरून काढायला विषय माहीत हवा. म्हणून समोर या, तोंड दिसू द्या, पंखा-टीव्ही बंद करा, आधी विषय सांगा (‘आबाजी, कापसाच्या भावाचं सांगतो’), मग नेहमीच्या आवाजात, तुकड्यांनंतर थांबत बोला. आणि कानाची तपासणी करून घ्या.

मुलाला कधी दाखवावं?

सहा महिन्यांनंतरही आवाजाकडे वळत नसेल, नऊ-दहा महिन्यांपर्यंत नावाला ओ देत नसेल, वर्षापर्यंत ‘बाबाबा, दादादा’ असं बडबडत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘पानी दे’सारखे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात गेलं तर लगेच दाखवा. ‘बाप बी उशिरानं बोलला होता’ हे ऐकून वर्ष घालवलं जातं. ऐकू कमी येत असेल तर हेच वर्ष मोलाचं असतं.

आधी कान, मग बाकी. टाळी वाजवून किंवा ताट आपटून घरी केलेली तपासणी धरू नका. मूल हादऱ्याला किंवा हाताच्या सावलीला वळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं; 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे. त्यांच्याकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. जाताना मूल कोणते आवाज काढतं आणि कशाकशाला वळतं याचे एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ फोनमध्ये न्या, कारण अनोळखी जागी बरीच मुलं गप्प बसतात. घरी बोलली जाणारी भाषा कोणती हेही सांगा; कोरकू बोलणाऱ्या मुलाची मराठीत परीक्षा घेतली तर निष्कर्ष चुकतो.